भिंतीमागचे पाणी : कात्रज ते पानशेत, पुण्याच्या तलावांचा इतिहास

पुणे जिल्ह्याचा नकाशा उघडून पाहावा. पश्चिमेला सह्याद्रीच्या कण्याला लागून निळ्या रंगाच्या वेड्यावाकड्या आकृती ओळीने उभ्या दिसतात : ठोकरवाडी, शिरवटा, वळवण, पवना, मुळशी, टेमघर, वरसगाव, पानशेत, भाटघर. शहराच्या उंबरठ्यावर खडकवासला, तर पूर्वेला सोलापूरच्या सीमेवर उजनीचा विस्तीर्ण पसारा. यांपैकी एकही जलाशय निसर्गाने घडवलेला नाही. प्रत्येकाच्या एका टोकाला माणसाने बांधलेली भिंत आहे आणि प्रत्येक भिंत कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर बांधली याचा स्वतंत्र इतिहास आहे.

दख्खनच्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. लोणारसारखा अपवाद वगळला, तर येथील काळा पाषाण पावसाचे पाणी फार काळ अडवून धरत नाही. घाटमाथ्यावर दरवर्षी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात तो जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास उरतो आणि आणखी पूर्वेला, दौंड-इंदापूरकडे, त्याहूनही कमी. म्हणजे पाणी एकीकडे आणि तहान दुसरीकडे, अशी ही भूमी आहे. अमेरिकेतील कॅन्सस या गवताळ मैदानांच्या राज्यातही मोठी सरोवरे जवळपास सगळी धरणांचीच आहेत. पण तेथील बहुतेक गेल्या शतकातली. पुण्याच्या पाण्याचा धागा मात्र त्याच्या बराच मागे, अठराव्या शतकातल्या कात्रजपर्यंत जातो.

शिवपूर्वकाळात आणि नंतरही बराच काळ पुणे हा मुठेकाठचा लहानसा कसबा होता. नदी, ओढे आणि विहिरी यांवर त्याचे भागत असे. थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाडा बांधला, पेशव्यांचे बिऱ्हाड कायमचे पुण्यात आले आणि त्यामागोमाग सरदार, सावकार, कारकून, कारागीर, शागिर्दपेशा असा सारा लवाजमा आला. नव्या पेठा वसल्या. विहिरी उन्हाळ्यात तळ गाठू लागल्या. राजधानीला शोभेल असा पाणीपुरवठा उभारण्याचे काम नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९ च्या सुमारास हाती घेण्यात आले.

शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगराखाली एका ओढ्यावर दोन तलाव बांधण्यात आले, एक वर आणि एक खाली. हे दोन का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी गढूळ असते. ते आधी वरच्या तलावात थबकते, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरते. तेथून ते शहराकडे निघे, तेही उघड्या पाटाने नव्हे. दगड, वीट आणि चुन्याच्या पक्क्या बांधकामाचा, माणूस आत शिरून चालू शकेल इतका उंच असा भूमिगत नळ शनिवारवाड्यापर्यंत नेण्यात आला. आठ-दहा किलोमीटरच्या या वाटेवर ना पंप, ना रहाट. कात्रज उंचावर आणि शहर सखल. उतार नेमका साधला की पाणी आपल्या पायांनी चालत येते. हा उतार साधणे हीच खरी करामत होती. तो फार तीव्र ठेवला तर पाणी वेगाने बांधकाम खरवडते, फार सौम्य ठेवला तर गाळ बसून नळ तुंबतो.

या नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधले होते. जमिनीवर डोकावणारे हे मनोरे नळात हवा खेळती ठेवत, आतला दाब मोकळा करत आणि सफाईसाठी माणसाला आत उतरण्याची वाटही देत. पुण्याच्या जुन्या भागात असे काही उच्छ्वास अजून उभे आहेत. त्यांच्या बाजूने रोज जाणाऱ्या अनेकांना ते एखाद्या पडक्या समाधीचे अवशेष वाटतात.

शहरात पोहोचलेले पाणी हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावे आजही चौकांच्या आणि बसथांब्यांच्या रूपाने जिवंत आहेत. शनिवारवाड्यातले कारंजेही याच पाण्यावर नाचत असे. पुढे नाना फडणीसांनी या व्यवस्थेत स्वतंत्र नळाची भर घातली आणि काही मातब्बर घराण्यांनी आपापले नळही बांधून घेतले. पंचहौद मिशन हे नावही हौदांवरूनच आले. १८९० मध्ये तेथे घेतलेल्या चहावरून टिळक, रानडे आदी मंडळींवर प्रायश्चित्ताची पाळी आली, ते हेच ठिकाण. पुण्याच्या सामाजिक इतिहासातला एक गाजलेला वाद हौदांच्या नावाने ओळखला जातो, हा योगायोग मोठा बोलका आहे; कारण हौद म्हणजे नुसता पाण्याचा साठा नव्हता. कोणी कोठे घागर बुडवावी याचे नियम जातीने ठरत होते. कात्रजचे पाणी उतार पाहून वाहत आले, तरी हौदाच्या काठावर पोहोचताच त्याला माणसांची उतरंड लागू होई. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो या पार्श्वभूमीवर. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, १९२७ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे गंज पेठेतल्या त्या घरगुती हौदाचे मोल कळते.

नानासाहेबांच्या काळातले दुसरे जलाशय पर्वतीच्या पायथ्याशी होते. कात्रजहून येणारा आंबिल ओढा पूर्वी वस्तीच्या अंगाने वाहत येऊन मुठेला मिळत असे आणि पावसाळ्यात उपद्रव देई. पेशव्यांनी त्याला बांध घालून त्याची वाट पश्चिमेकडे वळवली, आणि पर्वतीखाली तलाव तयार केला. तलावाच्या मध्यभागी ठेवलेल्या बेटावर बाग होती. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, तेथे गणपतीची स्थापना झाली. आज सारसबागेत त्या गणपतीला सगळे ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात आणि भोवती तळे मात्र कोठेच दिसत नाही. विसाव्या शतकात तलाव आटवून तेथे बाग करण्यात आली. बागेतल्या हिरवळीची पातळी आजूबाजूच्या रस्त्यांहून खोल का, याचे उत्तर हेच : ती हिरवळ म्हणजे जुन्या तलावाचा तळ आहे.

ओढा वळवला तरी तो संपत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, तलाव भरून वाहिले आणि आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत हाहाकार उडवला. माणसे दगावली, भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. पेशव्यांनी आखून दिलेल्या पात्रात नंतरच्या पिढ्यांनी घरे, भिंती आणि रस्ते घुसवले होते; पाण्याने आपली जागा मागितली.

पेशवाई गेली, इंग्रज आले. पुणे आणि खडकी येथे लष्करी छावण्या पडल्या आणि पाण्याची गरज नव्या पट्टीने मोजली जाऊ लागली. कात्रजचे हौद पेठांना पुरत होते, छावण्यांना नव्हे. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या निवासस्थानासाठी रामनदीवर पाषाण येथे तलाव झाला. तो लहान. मोठी योजना मुठा नदीवर आकार घेत होती.

खडकवासल्याचे धरण हे कर्नल फाइफ या इंग्रज अभियंत्याचे काम. १८६० च्या दशकात पाहणी आणि आखणी झाली, दशकाच्या अखेरीस बांधकाम सुरू झाले आणि ते पुढची सुमारे दहा वर्षे चालले. जलाशयाला ‘लेक फाइफ’ असे नाव देण्यात आले. मोठ्या नदीला आडवी घातलेली इतकी भव्य दगडी भिंत त्या काळच्या भारतात नवलाची होती. तिच्या उजव्या अंगाने निघालेला मुठा कालवा पुणे शहराच्या कुशीतून हडपसरकडे आणि पुढे पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात गेला. डावा कालवा खडकीकडे. पिण्याचे पाणी आणि शेतीचे पाणी एकाच साठ्यातून काढण्याची प्रथा येथे पडली. त्या प्रथेने निर्माण केलेले भांडण आजतागायत मिटलेले नाही. त्याकडे शेवटी येऊ.

खडकवासल्याच्या बांधकामाला साहित्य पुरवणाऱ्या ठेकेदारांत जोतीराव फुल्यांचे नाव त्यांचे चरित्रकार घेतात. घरचा हौद खुला करणारा माणूस काही वर्षांतच त्या काळच्या सर्वांत मोठ्या जलप्रकल्पाशी व्यवसायाने जोडलेला असावा, ही गोष्ट फुल्यांची रूढ प्रतिमा थोडी विस्तारते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी डोंगर-टेकड्यांवरून वाहून जाणारे पाणी आणि माती शेतात मुरावी म्हणून ताली, बंधारे, तलाव बांधावेत असा आग्रह धरला. धरणाचे आणि कालव्याचे काम जवळून पाहिलेल्या माणसाचे ते लेखन आहे, हे वाचताना जाणवते.

खडकवासल्याशी आणखी एक नाव जोडलेले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. त्यांच्यासमोर आलेला पेच साधा दिसतो, पण सोपा नव्हता. पावसाळ्यात तलाव भरला की वरचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहर तहानलेले राही. साठा वाढवायचा तर भिंत उंच करावी लागणार. ते खर्चाचे आणि जुन्या भिंतीवर ताण आणणारे काम. सांडवा बंद करून पाणी अडवावे, तर पुराच्या वेळी भिंतीवरून पाणी जाण्याचा धोका.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची योजना आखली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढेपर्यंत दरवाजे बंद राहत. त्यावर गेले की पाण्याच्याच बळाने ते उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. रात्री-अपरात्री, मुसळधार पावसात कोणी पहारेकरी धावत येऊन चाक फिरवील यावर काहीच अवलंबून नव्हते. भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वर ठेवता आली. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. याच कल्पनेचा वापर पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर झाला. विश्वेश्वरय्यांचे नाव घेतले की लोकांना म्हैसूर आठवते. त्यांच्या कीर्तीचा एक पाया पुण्यापासून काही कोसांवर, मुठेच्या पात्रात घातला गेला, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते.

भोरजवळ येळवंडी नदीवरचे भाटघर हे असेच दुहेरी धरण. पहिले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाले, त्याच्या जलाशयाला ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. नंतर त्याहून कितीतरी मोठे लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. आज त्या जलाशयाला शिवरायांचे सहकारी येसाजी कंक यांचे नाव आहे. फाइफ, व्हायटिंग, लॉइड ही नावे जाऊन येसाजी, तानाजी, बाजी पासलकर आले. नावे बदलण्याचा उत्साह दांडगा असतो. बुडालेल्या गावांची नावे मात्र कोणत्याही जलाशयाला फारशी दिली जात नाहीत.

आणि येथे मुळशी येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी घाटमाथ्यावरचे पाणी अडवून ते पश्चिमेला कोकणात उतरवायचे आणि त्या पडणाऱ्या पाण्यावर वीज निर्माण करायची अशी योजना आखली. लोणावळ्याजवळच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर आंध्रा खोऱ्यातले ठोकरवाडी. मग नजर मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाकडे, मुळशी खोऱ्याकडे वळली. हे खोरे निर्मनुष्य नव्हते. भाताची कसदार खाचरे, देवळे, बाजार आणि शिवकाळापासून पिढ्यानपिढ्या तेथे राहणारे मावळे. योजनेने बाधित होणाऱ्या गावांची संख्या सर्वसाधारणपणे ५२ सांगितली जाते.

शेतकऱ्यांची परवानगी न घेता त्यांच्या उभ्या शेतांत चर खणले जाऊ लागले तेव्हा असंतोष उसळला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रहाला आरंभ झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातले प्रमुख. याच लढ्यातून बापटांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती कायमची. सत्याग्रही कामाच्या जागी जाऊन बसत, मार खात, तुरुंगात जात. मावळ्यांच्या बायकाही मागे नव्हत्या.

हा लढा समजून घेताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. मुळशीच्या जमिनी कसणारे मावळे होते, पण त्यांतल्या पुष्कळ जमिनींची मालकी किंवा गहाणखते पुण्याच्या सावकारांकडे होती. आरंभी सावकार आणि शेतकरी एकत्र दिसले. सरकारने मोबदल्याचा दर पुढे केल्यावर सावकारांना तडजोड परवडण्याजोगी होती. शेत हेच ज्याचे सर्वस्व, त्याला ती नव्हती. चळवळीतली ही फट वाढत गेली. दुसरीकडे, देशी भांडवलाने उभा राहणारा, देशाच्या उद्योगांना वीज देणारा प्रकल्प रोखणे देशहिताचे आहे काय, असा सवाल राष्ट्रीय चळवळीतलेच काही लोक करत होते. शंभर वर्षांपूर्वीचा हा वाद आजच्या कोणत्याही धरणाच्या बातमीखाली जसाच्या तसा छापता येईल.

बापटांची अहिंसेविषयीची भूमिका गांधीजींहून निराळी होती. लढा हरत चालला असता, डिसेंबर १९२४ मध्ये, त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी साथीदारांसह अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ मध्ये मुळशीचे पाणी भिरा येथील वीजकेंद्रात कोसळू लागले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर ग्रंथ लिहिला आणि धरणांविरुद्धच्या संघटित लढ्यांत मुळशीचे आद्यत्व जगापुढे मांडले. नर्मदेची नावे तोंडपाठ असलेल्या पिढीने पुण्यापासून तास-दीड तासावरच्या या इतिहासाकडेही पाहायला हवे.

भूगोलाच्या अंगानेही मुळशी वेगळी आहे. हे पाणी मूळचे भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेला वाहणारे. वीजनिर्मितीसाठी ते पश्चिमेला वळले आणि कोकणमार्गे समुद्राला मिळू लागले. दुष्काळी वर्षांत पुणे, सोलापूरकडून ‘मुळशीचे पाणी पूर्वेला सोडा’ ही मागणी उठते ती यामुळे.

स्वातंत्र्यानंतर पुणे वाढले. १९५० मध्ये महानगरपालिका झाली. खडकवासल्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली. एकट्या खडकवासल्याचा साठा शहराला आणि कालव्याला अपुरा पडू लागला, म्हणून वरच्या अंगाला, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेत येथे मातीचे धरण बांधण्यास १९५७ मध्ये सुरुवात झाली.

मातीच्या धरणाचे एक तत्त्व आहे. मातीची भिंत पाण्याचा दाब सहज पेलते, पण तिच्या माथ्यावरून पाणी वाहिले तर ती तासाभरात विरघळते. त्यामुळे जादा पाणी बाहेर काढण्याची वाट आधी पक्की हवी. पानशेतला काम पूर्ण होण्याआधीच १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवण्याचे ठरले. भिंतीच्या पोटातून जाणारा विमोचक, म्हणजे पाणी सोडण्याचा बोगदा, अपुऱ्या अवस्थेत होता. त्याचे दरवाजे पूर्णपणे बसलेले नव्हते, बांधकामात जेथे लोखंडी सळयांचे काँक्रीट हवे तेथे ते नव्हते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाने जोर धरला. अर्धवट उघड्या दरवाजांखालून प्रचंड वेगाने सुटणाऱ्या पाण्याने बोगद्याला हादरे बसू लागले, त्याच्या वरची माती खचू लागली आणि भिंतीचा माथा खाली बसू लागला. खाली माथा उतरतो आहे, समोर पाणी चढते आहे, अशी ती शर्यत होती.

११ जुलैची रात्र लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचण्यात घालवली. खचलेल्या जागी पोत्यांची भिंत उभी करून त्यांनी पाणी काही तास थोपवून धरले. या काही तासांचे महत्त्व पुष्कळदा विसरले जाते. धरण मध्यरात्री फुटते, तर पुणे झोपेत बुडाले असते.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटले. सारा लोंढा खालच्या खडकवासल्यावर येऊन आदळला. ऐंशी वर्षांच्या त्या दगडी भिंतीने, आपल्या माथ्यावरून पाणी वाहत असतानाही, काही तास तग धरला. तेवढ्यात शहरात पाणी शिरू लागले होते. मग खडकवासलाही फुटले. ज्या धरणाला पानशेतने साथ द्यायची होती, त्यालाच ते घेऊन गेले.

शहराला वेळेवर आणि स्पष्ट इशारा मिळाला नाही. त्या सकाळी माणसे नेहमीसारखी कामाला निघाली होती. मुठेला आलेला पूर पाहायला काही जण पुलांवर जमले होते. पाणी वाढतच गेले. लकडी पूल, नवा पूल बुडाले. शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठा आणि पलीकडे डेक्कन जिमखाना यांत माडी-माडीपर्यंत पाणी चढले. मातीच्या भेंड्यांचे आणि लाकडी पाखाड्यांचे जुने वाडे पाण्यात भिजून बसले. पूर ओसरल्यावर उरला तो चिखल, आणि त्यात पेशवाईपासून जपलेली दप्तरे, पोथ्या, दागिने, भांडी. पुण्याच्या वाडासंस्कृतीला घरघर लागली ती नंतरच्या बांधकाम व्यवसायाने, असे मानले जाते. नदीकाठच्या पेठांपुरता पहिला घाव त्या एका दिवसाने घातला होता.

पूर ओसरला तसे दुसरे संकट समोर आले. खडकवासल्याचा तलाव रिकामा झाला होता, म्हणजे शहराच्या नळांचा उगमच नाहीसा झाला. सर्वत्र पाणीच पाणी झालेल्या गावात प्यायला पाणी नव्हते. लोक वाड्यांच्या विहिरींकडे आणि जुन्या हौदांकडे वळले. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले; त्यांच्या मृत्यूला नेमकी दोनशे वर्षे होत असताना पुण्याने पुन्हा त्यांच्या काळातल्या साधनांकडे हात पसरले.

पुनर्वसनाची सूत्रे स. गो. बर्वे यांच्या हाती देण्यात आली. पुणे महानगरपालिकेचे पहिले आयुक्त या नात्याने हे शहर त्यांना पुरते ठाऊक होते. गोखलेनगर येथे पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसन झोपड्या उभ्या राहिल्या. लोकमान्यनगर, दत्तवाडी, सहकारनगर या वसाहतींची वाढही या स्थलांतराशी बांधलेली आहे. पेठांत राहणारी कुटुंबे प्रथमच एवढ्या संख्येने पेठेबाहेर पडली. ज्या पुण्याला आज उपनगरांचे शहर म्हणतात, त्याची एक सुरुवात येथे आहे. पूरग्रस्तांना दिलेल्या घरांच्या मालकी हक्काचा प्रश्न मात्र पुढे दशकानुदशके रेंगाळत राहिला.

धरण का फुटले याची न्यायालयीन चौकशी झाली. न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने सादर केलेल्या निष्कर्षांचे सार असे की ही केवळ निसर्गाची करणी नव्हती. अपुऱ्या बांधकामात पाणी अडवण्याची घाई अंगाशी आली. घाई कोणाची, दडपण कोणाचे, यावर पुण्यात पुढे कित्येक वर्षे कट्ट्यांवर खल झाला. ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी कालगणना जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात रुजली.

खडकवासल्याची भिंत पुन्हा उभी राहिली. पानशेतचे धरणही नव्याने बांधून १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचे नाव तानाजीसागर. शेजारच्या मोसे नदीवर वरसगावचे धरण नव्वदच्या दशकात पुरे झाले. मोसे खोऱ्याचे वतनदार आणि शिवरायांचे आरंभीचे साथीदार वीर बाजी पासलकर यांचे नाव त्या जलाशयाला मिळाले. मुठेच्या उगमाकडे टेमघर नव्या शतकाच्या सुरुवातीला भरू लागले आणि २०१६ मध्ये त्याच्या भिंतीतून एवढी गळती झाली की पुण्याला पुन्हा जुन्या भीतीची आठवण झाली.

आज पावसाळ्यात पुण्याची वर्तमानपत्रे रोज चार आकडे छापतात. उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७, एकूण २९.१५ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. सगळ्यांत जुने आणि नावाजलेले खडकवासला या यादीत सगळ्यांत लहान आहे, हे नव्याने आकडे पाहणाराला चमत्कारिक वाटते. पण वरच्या तिघांचे पाणी खडकवासल्यातूनच शहराला आणि कालव्याला मिळते. फाइफने बांधलेले ते दार अजूनही दारच आहे.

फाइफच्या कालव्यावरचा वाद येथे पुन्हा येतो. शहरासाठी ठरलेला ११.५ टीएमसीचा कोटा वाढत्या वस्तीला केव्हाच अपुरा पडला आणि शहर त्याहून बरेच अधिक पाणी उचलते. उन्हाळा आला की कालव्याच्या टोकाचा दौंड-इंदापूरचा शेतकरी आवर्तनासाठी वाट पाहत बसतो आणि कालवा समितीच्या बैठकीत दोन्ही बाजूंचे आवाज चढतात. शहराच्या मधून जाणाऱ्या त्या जुन्या कालव्याची भिंत २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ फुटली. पाऊस नसताना, भर दुपारच्या आत, वस्तीतली शेकडो घरे पाण्याखाली गेली.

पुणे जे पाणी वापरते ते सांडपाणी होऊन मुळा-मुठेतून भीमेत उतरते आणि उजनीत जाऊन साठते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे पुण्याच्या चारही धरणांच्या उपयुक्त साठ्याच्या चौपट. सोलापूर जिल्ह्यातला ऊस त्यावर उभा आहे आणि उजनीच्या पाण्याची प्रत हा तेथील कायमचा तक्रारीचा विषय आहे. त्या पाण्याखाली भीमाकाठची जुनी गावे गेली. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे पळसनाथाचे दगडी मंदिर त्यांतलेच. उजनीची पातळी ज्या वर्षी फार खाली जाते, त्या वर्षी ते शिखरापासून पायरीपर्यंत उघडे पडते आणि चिखल तुडवत लोक दर्शनाला जातात.